औषधाचें वाहन



आपल्या देवांपैकीं प्रत्येकाला कांहीं ना कांहीं वाहन आहे. गणपतीला उंदीर, शंकराला नंदी, विष्णूला गरुड. देव कितीहि समर्थ असला तरी भक्ताच्या घरीं जाण्याकरितां त्याला वाहन लागतें, अशी आपल्या पूर्वजांची कल्पना. औषधाचीहि गोष्ट अशीच आहे. औषध कितीहि गुणकारी असलें तरी तें रोगाच्या ठिकाणीं पोंचलें पाहिजे, आणि जेथें रोग नाहीं तेथें तें पोंचतां कामा नये. यांतील पहिली अट पाळणें त्या मानानें सोपें. दुसरी फार अवघड. ही दुसरी अट पाळण्याकरितां गेलीं शंभर-सव्वाशें वर्षें जी खटपट चालली आहे, तिचा इतिहास आज सांगावयाचा आहे. मी वैद्य नव्हें, रसायनशास्त्रज्ञहि नव्हें. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांना शिकवीत आलेला एक मास्तर आहें. परंतु या इतिहासाचीं कांहीं पानें परळ, पिंपरी, पवई अशा आपल्या परिचयाच्या ठिकाणीं लिहिलीं गेलीं आहेत. तीं आपल्या घरांतील मंडळींना ठाऊक असावींत, एवढ्याच हेतूनें हें भाषण करीत आहें.

डोकें दुखूं लागलें म्हणून आपण एक गोळी पाण्याबरोबर घेतों. ती पोटांत विरघळते, आंतड्यांतून रक्तांत शिरते, आणि रक्त जेथें जेथें जातें तेथें तेथें जाते. दुखतें डोकें, परंतु औषध पायाच्या आंगठ्यापर्यंत पोंचतें. त्याचे रेणु लहान असल्यामुळें ते बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून सहज आरपार होतात. त्यांतील बराच भाग यकृत मोडून टाकतें, बराचसा मूत्रपिंडें गाळून बाहेर टाकतात, आणि जो उरतो तो साऱ्या शरीरांत वांटला जातो. डोकेदुखीच्या बाबतींत हें चालून जातें, कारण ती गोळी फारशी उग्र नसते. परंतु कर्करोगावरील किंवा शरीरांत खोल शिरलेल्या बुरशीवरील औषध हें पुष्कळदां एक प्रकारचें विषच असतें. रोगट पेशींना मारावें म्हणून दिलेलें तें विष निरोगी पेशींनाहि मारूं लागतें. केंस गळतात, रक्त कमी होतें, मूत्रपिंडें बिघडतात. रोग हटावा तर मात्रा वाढविली पाहिजे, आणि रोगी जगावा तर ती कमी केली पाहिजे, अशा कोंडींत डॉक्टर सांपडतो.

आपल्या जुन्या वैद्यांना अनुपानाचें महत्त्व चांगलें ठाऊक होतें. एकच मात्रा ते कोणाला मधांतून, कोणाला तुपांतून, कोणाला आल्याच्या रसांतून चाटवीत. मधाला तर आयुर्वेदांत योगवाही म्हटलें आहे; म्हणजे ज्याच्याशीं त्याचा योग होईल त्याचा गुण वाहून नेणारा. आजच्या प्रयोगशाळांतील सर्व कांहीं जुन्या ग्रंथांत होतेंच, असें म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो आपण आवरलेला बरा. मध औषधाला घशाखालीं नेतो. परंतु पुढें तें यकृतांत न्यावें कीं फुप्फुसांत, हें त्याला ठरवितां येत नाहीं. मात्र औषध वेगळें आणि त्याचें वाहन वेगळें, हा भेद आपल्या भाषेंत जुना आहे, आणि आजचा विषय समजून घेण्यास तो उपयोगी पडतो.

नव्या काळांत हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडणारा मनुष्य म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख. त्याचा जन्म १८५४ सालचा. विद्यार्थिदशेपासून त्याला रंगांचें वेड होतें. प्राण्याच्या शरीराच्या पातळ कापावर निरनिराळे रंग टाकले असतां एखादा रंग एकाच जातीच्या पेशींना चिकटतो आणि शेजारच्या पेशींना शिवतहि नाहीं, हें पाहून तो विचारांत पडला. रंगाला जर आपलें घर ओळखतां येतें, तर औषधाला कां येऊं नये? जंतूंनाच चिकटणारें द्रव्य शोधून काढून त्याच्या अंगीं विष आणलें, तर तें जंतूंना मारील आणि मनुष्याला सोडून देईल. अशा औषधाला त्यानें जादूची गोळी असें नांव दिलें. ही गोळी बंदुकीची, वैद्याची नव्हे. नेम कसाहि धरला तरी लक्ष्यावरच जाऊन बसणारी गोळी जर्मन लोककथेंत आहे. आपल्याकडे तिला रामबाण म्हणतात. हा शब्द आपण इतका सैलपणें वापरतों कीं खोकल्याच्या काढ्यालाहि तो लावतों. परंतु त्याचा खरा अर्थ एर्लिखच्या मनांत होता तोच आहे.

एर्लिखच्या प्रयोगशाळेंत सोमलयुक्त द्रव्यें एकामागून एक तपासलीं जात होतीं. १९०९ सालीं त्याचा जपानी सहकारी साहाचिरो हाता याला ६०६ क्रमांकाचें द्रव्य उपदंशाच्या जंतूंवर गुणकारी आढळलें. पुढच्याच वर्षीं जर्मनींतील हेक्स्ट कारखान्यानें तें सॅल्व्हर्सन या नांवानें बाजारांत आणलें. त्या काळीं ज्या रोगावर पाऱ्यावांचून दुसरा उपाय नव्हता, त्यावर हें औषध आलें, ही केवढी मोठी गोष्ट! तथापि सोमल तो सोमलच. जंतूंबरोबर रोग्यालाहि त्याचा ताप होई. बाण सुटला होता, पण त्याला लक्ष्य ओळखण्याची दृष्टि अजून यावयाची होती.

ती दृष्टि येण्यास रसायनशास्त्रांत एक निराळीच क्रांति व्हावी लागली. १९२० सालीं हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं रबर, कापूस यांसारखे पदार्थ हजारों अणूंच्या लांबच लांब सांखळ्यांचे बनलेले असतात. एवढा मोठा रेणु असूं शकतो, हें पुष्कळ विद्वानांना पटेना. अखेर श्टाउडिंगरचें म्हणणें खरें ठरलें आणि १९५३ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. या प्रचंड रेणूंना आपण महारेणु म्हणूं. ॲस्पिरिनच्या एका रेणूंत अवघे २१ अणु असतात आणि त्याचें वजन हायड्रोजनच्या अणूच्या सुमारें १८० पट भरतें. आपल्या रक्तांतील अल्ब्युमिन नांवाच्या प्रथिनाच्या रेणूचें वजन त्याच मापानें सुमारें ६६,००० भरतें. एक मोहरीचा दाणा, तर दुसरा भोपळा.

या आकाराला औषधाच्या दृष्टीनें फार महत्त्व आहे. मूत्रपिंडाची गाळणी लहान रेणु चटकन् बाहेर टाकते. अल्ब्युमिनएवढे मोठे रेणु तींतून सहसा जात नाहींत. निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंतींतूनहि ते सहज झिरपत नाहींत. तेव्हां उग्र औषधाचे लहान रेणु एखाद्या निरुपद्रवी महारेणूला बांधून सोडले, तर ते रक्तांत पुष्कळ वेळ फिरत राहतील आणि भलत्या ठिकाणीं शिरणार नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनींत जखमी सैनिकांना रक्तद्रवाच्या ऐवजीं पॉलिव्हिनिल पिरोलिडोन या कृत्रिम महारेणूचें द्रावण देत असत. याच महारेणूला १९५५ सालीं यॅट्सकेविट्झ या शास्त्रज्ञानें एक औषधी द्रव्य जोडून दाखविलें. मात्र ही सांखळी शरीरांत मोडत नाहीं, आणि फार लांब असली तर अवयवांत सांचून राहते. रामाचा बाण काम झाल्यावर भात्यांत परत येई, असें आपल्याकडे सांगतात. औषधाच्या वाहनालाहि काम झाल्यावर परत जातां आलें पाहिजे, हा धडा त्यावरून मिळाला.

या साऱ्या कल्पनांची एक नीटनेटकी आंखणी १९७५ सालीं माइन्झ येथील प्राध्यापक हेल्मुट रिंग्सडॉर्फ यानें केली. ती मुंबईकरांना समजावून सांगणें मुळींच कठीण नाहीं. आपल्या गिरगांवांत, फोर्टांत गेलीं सव्वाशेंहून अधिक वर्षें डबेवाले डबे पोंचवीत आहेत. अंधेरीच्या स्वयंपाकघरांतून निघालेला डबा चर्चगेटच्या कचेरींत नेमक्या टेबलावर जातो, तो तीन गोष्टींमुळें: त्याला वाहून नेणारा डबेवाला, डब्यावर रंगविलेली खूण, आणि ठिकाणीं पोंचेपर्यंत न उघडणारें झांकण. रिंग्सडॉर्फच्या आंखणींत महारेणूची सांखळी हा डबेवाला. विशिष्ट पेशींनाच चिकटणारा एक तुकडा सांखळीला जोडावयाचा, ती खूण. औषध सांखळीला ज्या बंधानें बांधलेलें असतें तें झांकण. तो बंध रक्तांत टिकावा आणि पेशीच्या पोटांत गेल्यावर तेथील पाचक द्रव्यांनीं तुटावा. शिवाय सगळें मिळून पाण्यांत विरघळावें म्हणून आणखी एक घटक.

कागदावरील ही आंखणी प्रत्यक्षांत उतरविण्यास अनेक देशांतील लोक झटले. प्राग येथें यिंद्रिख कोपेचेक यानें त्याकरितां योग्य महारेणु बनविला, आणि इंग्लंडमधील रूथ डंकन या विदुषीबरोबर कर्करोगाचें एक प्रसिद्ध औषध त्याला बांधलें. १९९४ सालीं त्याची रोग्यांवर परीक्षा सुरू झाली. सुटें औषध जेवढें सोसतें त्याच्या चौपट-पांचपट औषध महारेणूला बांधल्यावर सोसतें, असें आढळून आलें. तें पुढें बाजारांत आलें नाहीं. पण वाहनामुळें विषाची धार बोथट होते, एवढें सिद्ध झालें. अमेरिकेंत फ्रँक डेव्हिस आणि त्याचे सहकारी यांनीं १९७७ सालीं प्रथिनांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या सांखळ्यांचें पांघरूण घातलें, म्हणजे शरीराचे पहारेकरी त्यांना परके समजून लवकर पकडीत नाहींत. या युक्तीचें पहिलें औषध १९९० सालीं मान्य झालें, तें जन्मतःच रोगप्रतिकारशक्ति नसलेल्या मुलांकरितां.

जपानमध्यें मात्सुमुरा आणि मायेदा यांनीं १९८६ सालीं आणखी एक गोष्ट दाखविली. कर्करोगाची गांठ घाईघाईनें वाढते, त्यामुळें तिच्यांतील रक्तवाहिन्या कच्च्या बांधणीच्या, भोंकें असलेल्या राहतात. आणि तिच्यांतून पाणी वाहून नेणारी व्यवस्थाहि नीट झालेली नसते. महारेणु निरोगी भागांत शिरूं शकत नाहींत, परंतु या गांठींत झिरपतात आणि तेथेंच अडकून पडतात. म्हणजे शत्रूच्या किल्ल्याची ढिसाळ तटबंदीच आपल्या उपयोगीं पडते. हा सिद्धांत ऐकून सर्वत्र मोठी आशा निर्माण झाली. त्या आशेचें पुढें काय झालें, तें शेवटीं सांगतों.

खुणेचें काम कोणी करावें, या प्रश्नाचें उत्तर शरीरानेंच देऊन ठेवलें होतें. आपल्या रक्तांतील प्रतिपिंडें हे असे महारेणु आहेत कीं त्यांतील प्रत्येक प्रकार एकाच लक्ष्याला ओळखतो. १९७५ सालीं केंब्रिज येथें क्योलर आणि मिलस्टाइन यांनीं एकाच पेशीच्या वंशांतून हवीं तेवढीं एकजात प्रतिपिंडें मिळविण्याची रीत काढली. त्या प्रतिपिंडाला विष बांधलें कीं एर्लिखचा बाण तयार. तरी ही वाटहि सरळ नव्हती. अशा जातीचें पहिलें औषध अमेरिकेंत २००० सालीं एका रक्ताच्या कर्करोगाकरितां मान्य झालें. अपेक्षित लाभ न दिसल्यामुळें आणि विषबाधेच्या भीतीमुळें २०१० सालीं तें काढून घेण्यांत आलें. आणि मात्रा व देण्याची रीत बदलून २०१७ सालीं पुनः मान्य झालें. सतरा वर्षांत एकाच औषधाची ही कथा!

आतां आपल्या घराजवळ येऊं. महारेणूंच्या बरोबरीनें आणखी एक वाहन पुढें आलें, तें म्हणजे स्निग्ध पदार्थाचा बुडबुडा. अंड्याच्या बलकांत आणि सोयाबीनमध्यें लेसिथिन नांवाचा पदार्थ असतो. त्याच्या रेणूचें एक टोंक पाण्याकडे धांवतें, दुसरें पाण्यापासून पळतें. असे रेणु पाण्यांत सोडले कीं ते आपोआप पदरावर पदर रचून पोकळ गोळ्या करतात. हें केंब्रिजजवळ बाब्रहॅम येथें ॲलेक बँगॅम यानें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें आणि १९६५ च्या सुमारास जगापुढें मांडलें. या गोळ्यांना लायपोसोम म्हणतात. त्यांत औषध भरावें ही कल्पना १९७० नंतर ग्रेगरी ग्रेगोरियाडिस वगैरे मंडळींनीं पुढें आणली. चांगला लायपोसोम इतका लहान असतो कीं तसे शंभर ओळीनें मांडले तरी मनुष्याच्या एका केंसाची जाडी पुरी होत नाहीं.

हिंदुस्थानांत या विषयाचा पाया घालणारांत प्रमुख नांव बिमलकुमार बच्छावत यांचें. कलकत्त्यास आणि पुढें दिल्ली विद्यापीठांत त्यांनीं लायपोसोमच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या शर्करा जोडून पाहिल्या. एक शर्करा जोडली तर बुडबुडा यकृताच्या मुख्य पेशींकडे जातो, दुसरी जोडली तर तेथील भक्षक पेशींकडे. पाकिटावरील पत्ता बदलावा तशी ही गंमत आहे. त्यांच्या मंडळींनीं लायपोसोममध्यें भरून पाहिलेल्या औषधांपैकीं एक होतें हॅमायसिन. हें बुरशीनाशक १९६० च्या सुमारास आपल्या पुण्याजवळच्या पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यांत तिरुमलाचार यांच्या मंडळीनें शोधलें. तें ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालें त्याच्या नांवांतहि पिंपरीचें नांव गुंफलेलें आहे. औषध जालीम, म्हणून रक्तांतून देणें कठीण. त्याला वाहन हवें होतें.

याच कुळांतील अधिक प्रसिद्ध औषध म्हणजे ॲम्फोटेरिसिन. व्हेनेझुएला देशांतील ओरिनोको नदीकांठच्या मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून तें १९५० नंतरच्या दशकांत मिळालें. बुरशीच्या पेशीच्या आवरणांत एर्गोस्टेरॉल असतें, त्याला हें औषध चिकटतें आणि आवरणाला भोंकें पाडतें. मनुष्याच्या पेशींच्या आवरणांत त्याच्या जागीं कोलेस्टेरॉल असतें. दोहोंत साम्य इतकें कीं औषधाची थोडी गफलत होतेच. रोग्याला हुडहुडी भरते, ताप चढतो, आणि कांहीं दिवसांनीं मूत्रपिंडें बिघडूं लागतात. म्हणून रोग्याच्या वजनाच्या दर किलोमागें रोज सुमारें एक मिलिग्रॅमच्या पुढें जाण्यास डॉक्टर धजत नसत.

परदेशांत हें औषध लायपोसोममध्यें भरून १९९० पासून बाजारांत आलें, परंतु त्याची किंमत आपल्या सार्वजनिक रुग्णालयांच्या आवांक्यापलीकडची होती. त्या वेळीं परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांत आणि त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांचे सहकारी या कामाला लागले. मेंदूचे शल्यविशारद डॉ. सुनील पंड्या त्यांत होते, आणि दिल्लीहून बच्छावतांच्या मंडळींची साथ होती. प्रथम प्राण्यांवर, मग १९९० नंतरच्या दशकांत बुरशीच्या आणि काळ्या आजाराच्या रोग्यांवर त्यांनीं आपल्या लायपोसोमची परीक्षा घेतली. हुडहुडी आणि मूत्रपिंडाचा त्रास पुष्कळ कमी झाला. पुढें या शतकाच्या आरंभीं तें औषध फंगिसोम या नांवानें बाजारांत आलें. त्याची घडण साधी आहे. तें मिठाच्या पाण्यांत ठेवलेलें असतें, आणि देण्यापूर्वीं कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींनीं हलवून बुडबुडे लहान करून घ्यावे लागतात. हा एक जास्तीचा खटाटोप खरा. पण महानगरपालिकेच्या रुग्णालयांत, जेथें खाटेखालीं दुसऱ्या रोग्याची चटई असते, तेथें हिंदुस्थानांतच असलें वाहन बांधलें गेलें, याची नोंद इतिहासानें घ्यावयास हवी.

काळ्या आजाराचा उल्लेख मुद्दाम केला. या रोगाचे परोपजीवी जंतु कोठें दडतात? प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशींच्या पोटांत. आणि लायपोसोम रक्तांत सोडला कीं त्याला कचरा समजून कोण गिळतें? त्याच भक्षक पेशी! म्हणजे येथें पत्ता लिहिण्याचीहि गरज नाहीं. पाकीट आपल्या पायानें घरीं जातें. बिहारमध्यें डॉ. श्याम सुंदर आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं दाखवून दिलें कीं दर किलोमागें दहा मिलिग्रॅम असें हें औषध एकदांच शिरेंतून दिलें असतां शंभरांपैकीं पंचाण्णवांहून अधिक रोगी बरे होतात. पूर्वीं महिनाभर सुया टोंचाव्या लागत, मजुरी बुडे, घर कर्जांत जाई. तेथें आतां एका दिवसाचें काम उरलें.

याच औषधानें २०२१ सालीं आपल्या घराघरांत आपलें नांव पोंचविलें, परंतु तें फार वाईट प्रसंगीं. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसची सांथ आली. नाकांतून डोळ्यांकडे आणि डोळ्यांतून मेंदूकडे सरकणारी ही बुरशी. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत देशांत ४५,००० हून अधिक रोगी नोंदले गेले आणि ४,३०० हून अधिक दगावले. महाराष्ट्र आणि गुजराथ यांत रोगी सर्वांत अधिक. या बुरशीवर लायपोसोममधील ॲम्फोटेरिसिन दर किलोमागें रोज पांच मिलिग्रॅम द्यावें लागतें. साठ किलो वजनाच्या मनुष्याला झाले तीनशें मिलिग्रॅम. कुपींत असतें पन्नास. म्हणजे एका रोग्याला दिवसाला सहा कुप्या, आणि असें कित्येक आठवडे. आतां हजारों रोग्यांचा हिशेब करा. कुप्या मिळेनाशा झाल्या. बोरिवलीपासून भायखळ्यापर्यंत औषधांच्या दुकानांपुढें कागद हातांत घेऊन उभे असलेले नातेवाईक आपण पाहिले आहेत. आपल्याजवळ अंबरनाथसारख्या ठिकाणीं हें औषध बनविणारे कारखाने होते, वर्ध्यासहि नवें उत्पादन सुरू झालें. परंतु बुडबुडा बांधणें हें गोळी दाबण्याइतकें सोपें नसतें, आणि त्याला लागणारें शुद्ध लेसिथिन रातोरात उभें राहत नाहीं. ज्यांना लायपोसोम मिळाला नाहीं, त्यांतील कित्येकांना जुनें सुटें औषध घ्यावें लागलें आणि मूत्रपिंडाचा धोका पत्करावा लागला. वाहन असणें आणि नसणें यांत काय अंतर आहे, हें त्या दोन महिन्यांत ज्यानें पाहिलें त्याला मी वेगळें सांगावयास नको.

मुंबईच्या उपनगरांचा या इतिहासाशीं संबंध याहून जुना आहे. गोरेगांवास सीबा कंपनीचें संशोधनकेंद्र १९६३ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें सुरू झालें. सॅल्व्हर्सन विकणाऱ्या त्याच हेक्स्ट कंपनीच्या हिंदी शाखेचें संशोधनकेंद्र मुलुंडास होतें. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराथी घरांतून जिच्या मुळांचें लोणचें घालतात त्या गरमर वनस्पतींतून तेथील शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत फोर्स्कोलिन नांवाचें द्रव्य वेगळें केलें. पेशी आपल्या आंत निरोप कसा पोंचवितात, हें शिकण्याकरितां जगांतील प्रयोगशाळा तें द्रव्य वापरीत आल्या आहेत. हीं दोन्ही केंद्रें आतां त्या रूपांत राहिलीं नाहींत. लाल बहादुर शास्त्री मार्गावर जेथें कारखान्यांचे भोंगे होत तेथें आतां उंच इमारती उभ्या आहेत.

परंतु धागा तुटला नाहीं. अंधेरी आणि मुलुंड यांच्या मध्यें, पवईच्या तलावाकांठीं १९५८ सालीं सुरू झालेल्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेंत तो पुढें चालू राहिला. तेथील प्राध्यापक राहुल पुरवार आणि टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉक्टर यांनीं मिळून जी उपचारपद्धति तयार केली, तिला ऑक्टोबर २०२३ मध्यें सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांनीं पवई येथें तिचें उद्घाटन केलें. येथें वाहन हा महारेणु नाहीं, रोग्याची स्वतःचीच पेशी आहे. त्याच्या रक्तांतून लढाऊ पेशी काढून घेतात, निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूच्या हातून त्यांत कर्करोग ओळखणारी खूण पेरतात, आणि त्या वाढवून परत रक्तांत सोडतात. परदेशांतील किंमतीच्या सुमारें दहाव्या हिश्शांत हें होतें असें सांगतात; तरीहि आंकडा लाखांच्या घरांत आहे. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनेंहि २०२२ सालीं कोविडची जी लस आणली, तिच्यांतील नाजूक निरोपाचा रेणु स्निग्ध कणांवर चिकटविलेला होता, आणि ती साध्या शीतपेटींत टिकत असे.

इतकें ऐकल्यावर रामबाण साधला, असें कोणी समजूं नये. मायेदा यांच्या सिद्धांतानें जी आशा निर्माण केली होती, तिचा हिशेब टोरांटो येथील शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं मांडला. मागील दहा वर्षांतील प्रयोग गोळा करून त्यांनीं पाहिलें कीं टोंचलेल्या सूक्ष्म कणांपैकीं गांठीपर्यंत साधारणतः किती पोंचतात. उत्तर निघालें हजारांत सात. आणि हे प्रयोग बहुतेक उंदरांवरचे; मनुष्याच्या गांठींच्या रक्तवाहिन्या उंदरांतल्याइतक्या गळक्या नसतात, आणि एका रोग्याची गांठ दुसऱ्याच्या गांठीसारखी नसते. उरलेले नऊशें त्र्याण्णव बहुधा यकृत आणि प्लीहा यांच्या भक्षकांच्या पोटीं जातात किंवा बाहेर टाकले जातात. असें असूनहि हीं वाहनें उपयोगी कां ठरतात? कारण तीं रोगावर फार नेम धरतात म्हणून नव्हे, तर मूत्रपिंड, हृदय अशा नाजूक जागा बऱ्याच अंशीं वांचवितात म्हणून. एर्लिखला लक्ष्य वेधणारा बाण हवा होता. त्याच्या वंशजांना बहुतेक वेळां मिळाली ती निरपराध्याला टाळणारी वाट. दोहोंत फरक आहे, पण रोग्याच्या दृष्टीनें दुसरी गोष्टहि लहान नव्हे.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. ओरिनोकोच्या मातींतील औषध मनुष्याला सोसेल असें करण्यास सुमारें चाळीस वर्षें लागलीं, आणि तें गरिबाच्या खाटेपर्यंत नेण्यास त्याहूनहि अधिक. काळ्या आजाराच्या बाबतींत तें साधलें, कारण सरकारनें आणि जागतिक आरोग्य संघटनेनें औषध फुकट मिळण्याची व्यवस्था केली. २०२१ सालीं तें साधलें नाहीं, कारण सांथ येण्यापूर्वीं कोणी सांठा केला नव्हता. रोग्याच्या शरीरांतील शेवटचा एक तसूचा प्रवास शास्त्रज्ञ पाहून घेतील. कारखान्यापासून रुग्णालयाच्या खाटेपर्यंतचा प्रवास मात्र त्यांच्या हातीं नाहीं. तो महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकांत, सरकारच्या खरेदींत आणि आपण नागरिक ज्यांबद्दल विचारणा करतों वा करीत नाहीं अशा गोष्टींत ठरत असतो. आपल्या विभागांतील रुग्णालयांत अशा औषधांचा सांठा किती आहे, हें सांथ नसतांना विचारण्याची संवय आपण लावून घेतली, तर पुढच्या वेळीं दुकानांपुढील त्या रांगा कांहीं तरी आंखूड होतील.